मधलं माप नसतं

नक्कीमास्तरांनी उभ्या आयुष्यात एकही कपडा सांगितलेल्या दिवशी दिला नव्हता. हे त्यांचे वैरी सांगायचे आणि दोस्तही सांगायचे. फक्त दोस्त जरा जास्त चिडून सांगायचे. शिंपी म्हणून माणूस पहिल्या प्रतीचा. त्यांनी शिवलेला कोट अंगावर चढला की पोक काढून चालणारासुद्धा ताठ व्हायचा. पण तो अंगावर चढणार केव्हा? "उद्या नक्की," मास्तर म्हणायचे, आणि तेही इतक्या मायेनं, की गिऱ्हाईक आभार मानून निघायचं आणि कोपऱ्यावर पोचल्यावर त्याच्या लक्षात यायचं, अरेच्चा, हे तर आपण चार महिने ऐकतोय. त्यावरूनच नाव पडलं.

बरं, आळशी म्हणावं तर तेही नाही. सकाळी सातला दुकान उघडं. पण एकदा माप घेऊन भागायचं नाही ना! आधी कच्ची शिलाई, मग ट्रायल, मग बाही खांद्याला जोडतात तो मुंढा उसवायचा, पुन्हा कच्ची शिलाई, पुन्हा ट्रायल. कापडावर खडूची रेघ मारली की दोन पावलं मागं जाऊन, मान तिरकी करून ती बघत राहायची. आणि त्यात 'नाही' हा शब्द तोंडातून निघत नसे. दहा गिऱ्हाइकांना एकच तारीख द्यायचे आणि दहाही जणांची तोंडं चुकवत मागच्या दारानं चहाला जायचे.

भाऊजी, म्हणजे त्यांच्या ताईचे यजमान, त्यांना यावरून फार बोलायचे. भाऊजी सरकारी वाचनालयात ग्रंथपाल. हडकुळे, हुशार, आणि हट्टाचे असे पक्के की जेवताना मीठ कमी आहे की जास्त यावरही तत्त्वाचा मुद्दा काढायचे. "तुला 'नाही' म्हणायची हिंमत नाही, म्हणून तू 'उद्या' म्हणतोस," ते म्हणायचे. "जुलूम करणारा आधी काय हिसकावून घेतो? माणसाचं 'नाही'. ते गेलं की मग उरतं काय, नुसतं हाडामासाचं गाठोडं."

"अगदी खरंय भाऊजी," असं म्हणून मास्तर त्यांच्याच कोटाची तारीख पुढं ढकलायचे.

पुढं दिवस फिरले. सरकार तेच होतं, पण त्याला आता कुणाचीच भीड राहिली नाही. भर दुपारी नंबर नसलेल्या गाड्या यायच्या, माणूस आत घ्यायच्या आणि निघून जायच्या. एक दिवस वाचनालयात दोघं जण आले. कुणी कुठलं पुस्तक नेलं ती वही मागितली. भाऊजी म्हणाले, "नाही." वही त्यांनी सकाळीच शेगडीत घातली होती, म्हणजे 'नाही' दोन्ही अर्थांनी खरं होतं, पण तेवढं समजावून सांगायला त्यांना वेळ मिळाला नाही. गाडीत घातलं आणि नेलं.

ताई सात आठवडे कचेऱ्या झिजवत होती. पोलीस, लष्कर, इस्पितळ, शवागार. सगळीकडे एकच उत्तर: "असा कोणी माणूस आमच्याकडे नाही." रोज सकाळी ती तुरुंगाच्या भिंतीबाहेर बायकांच्या रांगेत उभी राहायची. तिथंही खिडकीतला शिपाई वर न बघता तेच म्हणायचा. ताई मोठी तोंडाळ बाई, पण त्या दिवसांत ती मास्तरांना उशिरावरून बोलेनाशी झाली. मास्तरांना त्याचीच जास्त भीती वाटली.

आणि मग तुरुंगाची जीप मास्तरांच्या दारात येऊन उभी राहिली.

मास्तर मागच्या दाराकडे सरकले. पण उतरले ते पुरवठा खात्याचे अधिकारी. गोल चेहरा, सतत घाम पुसायची सवय. सगळे त्यांना पुरवठासाहेब म्हणायचे. "एक्केचाळीस कोट, एक्केचाळीस पँटी," साहेब म्हणाले. "करडं कापड आम्ही देऊ. आठ दिवसांत हवेत."

"पण साहेब, तुरुंगाचा नेहमीचा शिंपी आहे की. पलीकडच्या गल्लीतला. वेळेवर देतो तो." शेवटचं वाक्य मास्तरांनी मोठ्या कष्टानं उच्चारलं.

"त्या एक्केचाळिसांत तोही एक आहे," साहेब म्हणाले. "त्याला कैद्यांच्या डोक्यावर घालायच्या पिशव्या शिवायला सांगितल्या होत्या. म्हणाला, मी टोपी शिवतो, पिशवी नाही."

मास्तर त्या शिंप्याला वीस वर्षं पाण्यात बघत आले होते. आज पहिल्यांदा त्यांना त्याच्याविषयी आदर वाटला, आणि लगेच हेवाही वाटला.

"माप?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांना एकच. मधलं."

आता इथं दुसरा कुणीही 'बरं साहेब' म्हणाला असता. मास्तर भित्रे होते, नंबर एकचे भित्रे. पण कात्रीचा विषय निघाला की त्यांचं भान सुटायचं. "मधलं माप असं काही नसतं साहेब," ते म्हणाले. "आजवर मधल्या मापाचा माणूस दुकानात आलेला नाही. कुणाच्या खांद्यात उतार असतो, कुणाचं पोट पुढं, कुणाचा एक हात लांब. मधल्या मापाचा कोट एक्केचाळीस जणांना शिवला तर तो एक्केचाळीस जणांना बसणार नाही."

साहेबांनी घाम पुसला. त्याला कारण होतं. खास न्यायालयात या लोकांना उभं करायचं, त्यांनी गुन्हा कबूल करायचा, आणि ते सगळ्या देशाला टीव्हीवर दाखवायचं, असं ठरलं होतं. मागच्या खेपेला असेच सरसकट मापाचे कपडे घातले होते, तर ऐन कबुलीजबाबाच्या वेळी एकाची पँट घसरून पायांत आली. देश खो खो हसला. आधीच्या पुरवठासाहेबांचं पुढं काय झालं ते कुणी विचारत नव्हतं. आता वरून सक्त हुकूम होता: कैदी टापटीप दिसले पाहिजेत, खाऊन पिऊन सुखी माणसं वाटली पाहिजेत.

"घ्या मापं," साहेब म्हणाले. "पण नीट शिवा. निकालाच्या दिवसापुरते टिकले म्हणजे झालं. त्यानंतर त्यांना कपडे लागायचे नाहीत."

हे ते सहज बोलून गेले, जसं एखादा म्हणतो की छत्री नको, पाऊस नाही.

दुसऱ्या दिवशी तुरुंगाच्या आवारात मापं सुरू झाली. डोक्यावर पिशवी, छातीवर नंबर, असा एकेक जण पुढं यायचा. नावं सांगायची नाहीत, बोलायचं नाही. मास्तर टेप लावायचे, आकडे मोठ्यानं म्हणायचे, एक शिपाई ते लिहून घ्यायचा. टेप खोटं बोलत नाही हीच पंचाईत. पाठीवर टेप टेकवला की अंग दचकायचं. मनगटं वळ पडून सुजलेली.

नववा कैदी आला तेव्हा त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "खिसा हवा?"

शिपायानं डोळे वटारले. पिशवीतून एक घोगरा आवाज आला, "हवा. दोन."

त्यानंतरच्या प्रत्येकानं खिसा मागितला. एकानं आतला मागितला, एकानं झाकणाचा. आधीचे आठ जण भिंतीकडून ओरडले की आम्हाला का नाही विचारलं. इतक्या दिवसांत ज्यांना कुणी 'काय हवं' असं विचारलं नव्हतं, ती माणसं आता बटणं दोन की तीन यावर ठाम मतं देऊ लागली. पुरवठासाहेब धावत आले. "खिसे कशाला? यांच्याजवळ ठेवायला आहे काय?"

"हात ठेवतील साहेब," मास्तर म्हणाले. "टीव्हीवर लोंबते हात बरे दिसत नाहीत."

सतरा नंबर पुढं आला. मास्तरांनी खांद्यावर टेप टाकला. डावा खांदा दीड इंच खाली. हा खांदा त्यांना कुणी झोपेतून उठवून दाखवला असता तरी त्यांनी ओळखला असता. तीस वर्षं पुस्तकांच्या थप्प्या एकाच हातावर वाहून झुकलेला. आतून कापूस भरून वीस वर्षं त्यांनीच तो झाकला होता. बोलता तर येत नव्हतं. मग त्यांनी जमेल तेवढ्या मोठ्यानं आकडा सांगितला: "डावा खांदा, दीड इंच खाली!"

पिशवीतलं डोकं जरासं वर झालं. मेव्हण्याचा आवाज ओळखला होता. मग छातीवर टेप आवळताना भाऊजी कळवळले. दोन बरगड्या तरी मोडल्या होत्या. छाती अडतीसची चौतीस झाली होती. मास्तरांना रडू येत होतं आणि त्याच वेळी असा आनंद झाला होता की टेप टाकून नाचावंसं वाटत होतं. माणूस जिवंत होता.

हे त्यांनी ताईला तिच्या स्वयंपाकघरात सांगितलं. ताई आधी मटकन खाली बसली. मग पदर तोंडात धरून रडली. मग पाच मिनिटांनी नाक पुसून म्हणाली, "कपडे कधी द्यायचेत?"

"आठ दिवसांत."

"आणि मग?"

मास्तरांनी साहेबांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ताई उठली, वर्तमानपत्र घेऊन आली. पहिल्याच पानावर होतं: बाहेरच्या देशांचं पाहणी मंडळ सहा आठवड्यांनी तुरुंगाला भेट देणार, सरकारकडून स्वागत. "म्हणून ही घाई," ती म्हणाली. "मंडळ यायच्या आत यांना संपवायचं आणि रिकाम्या कोठड्या दाखवायच्या. ऐक. तू सहा आठवडे लाव."

"अगं ताई, साहेबांनी आठ दिवस सांगितलेत!"

"आजवर कुणी सांगितलेलं ऐकलंयस का मेल्या?"

मास्तर घरी आले ते छाती फुगवून. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना येत होतं तेच काम सांगितलं होतं. आणि पुढच्या चार दिवसांत जे झालं त्याला काय म्हणावं! भीतीनं त्यांचे हात यंत्रासारखे चालायला लागले. मशीन, जी एरवी दिवसातून तीनदा दोरा तोडायची, ती गपगुमान पळत होती. गप्पा मारायला कुणी येईना, कारण तुरुंगाचं काम असलेल्या दुकानात कोण येतंय? चौथ्या दिवशी ताई डोकावली तर बावीस कोट खुंट्यांवर टांगलेले.

"अरे देवा!" ताईनं कपाळावर हात मारला. "आजच बरं वारं आलं तुझ्या अंगात!"

"मी काय करू? सुई धरली की होऊनच जातंय," मास्तर रडकुंडीला आले होते. "उशीर मुद्दाम करायचा म्हटलं की जमत नाही गं. तो आपोआप व्हायचा."

ताईनं त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. "तुझी नेहमीची पद्धत काय?"

"ट्रायल."

"मग ट्रायल घे की!"

आठव्या दिवशी मास्तर कोट घेऊन तुरुंगात गेले. ट्रायलशिवाय माल देणार नाही म्हणाले, आणि पुरवठासाहेबांनीही घसरलेली पँट आठवून मान हलवली. पहिल्याच कैद्याच्या अंगात कोट घातला आणि मास्तर दोन पावलं मागं सरले. मान तिरकी केली. कोट खुंटीवर अडकवल्यासारखा लोंबत होता. दुसऱ्याचा तसाच. तिसऱ्याचा, म्हणजे बोटांवरच्या सुईच्या खुणांवरून ओळखू आलेल्या पलीकडच्या गल्लीतल्या त्या शिंप्याचा, तर बाह्यांतून हातच सापडेनात.

आता हे नीट ध्यानात घ्या. मास्तरांना त्या वेळी ना ताई आठवली, ना मंडळ. त्यांना नुसता संताप आला. आपला कोट असा दिसतो? "हे काय साहेब!" ते कडाडले. "माप घेतलं तेव्हा छाती छत्तीस होती, आज चौतीस! आठ दिवसांत दोन इंच? यांना खायला घालता की नाही?"

शिपायांनी एकमेकांकडे बघितलं. साहेबांचा रुमाल हवेतच राहिला.

"घालतो ना," ते पुटपुटले. "एक पाव."

"एका पावावर माप टिकत नाही. मी कोट बेतणार कशावर? रोज बदलणाऱ्या अंगावर? लहान करून आणतो, पण आणेपर्यंत हे आणखी वाळतील. मग पुन्हा लहान. शेवटी बाहुल्यांचे कपडे शिवायचे का?"

"आणि मुंढा खेचतोय," पिशवीतून तीन नंबर म्हणाला. तो मदत करत होता की खोड काढत होता, हे मास्तरांना आजतागायत कळलेलं नाही.

साहेबांनी वर विचारलं. वरून हुकूम आला: मापं स्थिर होईपर्यंत दोन वेळा पाव, बटाटे, आणि आठवड्यातून दोनदा अंडं. कैद्यांच्या आहाराच्या कागदावर कारण लिहिलं होतं, 'शिवणकामाची निकड'.

मास्तरांना तेव्हा कुठं उमगलं की आपल्या हाती काय लागलंय. पुढच्या ट्रायलला सव्वीस नंबरचा हात बाहीत शिरेना. कोपरापासून काळानिळा, टम्म. मास्तरांनी टेप गळ्यात टाकला आणि हात वर केले. "सूज उतरल्याशिवाय बाही बेतता येणार नाही साहेब. किती दिवसांत उतरेल? आणि पुन्हा चढणार असेल तर आत्ताच सांगा, मी दुसरी कामं घेतो."

साहेब आत जाऊन कुणाशी तरी बराच वेळ भांडले. त्या दिवसापासून हातांना मार बंद झाला. मग मास्तरांनी पाठीचा विषय काढला, कारण कोटाची पाठ सपाट बसत नव्हती. मग गुडघे, कारण पँटीला घडी पडत होती. एकेक अवयव त्यांनी असा सोडवून घेतला. न्याय, हक्क, माणुसकी यांतला एकही शब्द कधी त्यांच्या तोंडून निघाला नाही. त्या शब्दांना उत्तरं तयार होती, चाबकासकट. 'शिवण तिरकी जाते' याला मात्र त्या अख्ख्या सरकारकडे उत्तर नव्हतं.

तीन आठवड्यांनी कैद्यांच्या अंगावर मांस धरलं, आणि अर्थातच सगळे कोट घट्ट झाले.

"आता काय?" साहेब केविलवाणे झाले.

"उद्या नक्की," मास्तर मायेनं म्हणाले.

पाचव्या आठवड्यात कर्नलसाहेबांनी कागद मागवले. कर्नल म्हणजे त्या तुरुंगाचा सर्वेसर्वा. त्यांचा आवाज कधी चढत नसे, आणि त्यामुळेच सगळ्यांचं धाबं दणाणायचं. आठ दिवसांचं काम पाचव्या आठवड्यात? हा घातपात आहे. त्यांनी चौकशी लावली आणि शहरातली गिऱ्हाइकं साक्षीला बोलावली.

त्या दिवशी मास्तरांनी जे ऐकलं ते वैऱ्यालाही ऐकायला लागू नये. कुणाला काही पढवलेलं नव्हतं, गरजच नव्हती. पोस्टमन म्हणाला, लग्नाचा कोट दिला तो मुलगी शाळेत जायला लागल्यावर. दंतवैद्य म्हणाले, आमच्या वडिलांनी पँट टाकली होती, ती मला मिळाली, आणि मला आखूड होते. एका बाईंनी तर कठड्यावर मूठ आपटली: "साहेब, याला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण आधी माझं कापड परत द्यायला लावा!" लिहून घेणारा कारकूनसुद्धा मध्येच पेन थांबवून म्हणाला, "माझं जाकीट आहे याच्याकडे."

शेवटी सख्खी बहीण म्हणून ताईला उभं केलं. ताई पदर खोचून बोलली. हा लहानपणापासून असाच, याच्या जिवावर आईनं कधी चूल पेटवली नाही, याच्यात घातपात करण्याइतकी अक्कल असती तर मी पेढे... असं म्हणता म्हणता तिला धाप लागली.

कर्नल शांतपणे म्हणाले, "तुमचे यजमान कुठे असतात?"

ताईनं त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला. "तेच तर मी बारा आठवडे विचारतेय. तुमची माणसं सांगतात, असा कोणी आमच्याकडे नाही. मग ते इथं आहेत का साहेब? असतील तर लिहून द्या."

कर्नलच्या जबड्याची शीर हलली. कागदोपत्री सतरा नंबर नव्हताच. आता नसलेल्या माणसाचा मेव्हणा कसा असणार, आणि त्यानं मेव्हण्यासाठी उशीर केला असं लिहिणार कसं? पुढचा प्रश्न त्यांनी गिळला.

निकाल तयार झाला: घातपात नाही, नालायकी. मास्तरांनी सही करायचा कागद पुढं आला. 'मी आळशी, बेभरवशाचा व अकुशल कारागीर असून...'

मास्तरांनी पेन उचललं आणि ठेवलं. "साहेब, आळशी राहू द्या. बेभरवशाचाही राहू द्या. एवढं अकुशल तेवढं काढा."

ताईनं डोळे मिटले. कर्नलनी मास्तरांचीच लाकडी पट्टी टेबलावरून उचलली आणि त्यांच्या डाव्या हातावर इतक्या जोरानं मारली की पट्टीचे दोन तुकडे झाले आणि दोन बोटंही मोडली. मास्तर ओरडले. मग डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसून त्यांनी ताईकडे बघितलं, भाऊजींचा विचार केला आणि सही केली. त्या कागदाची प्रत दुकानाच्या दारावर चिकटवली गेली. बोटं सहा आठवड्यांत जुळली. 'अकुशल' मात्र त्यांना फार लागलं, आणि ते कुणाला सांगताही येत नव्हतं. येणारा जाणारा तो कागद वाचून मान डोलवायचा, "बरोबर लिहिलंय."

चौकशीत आठवडा गेला. पुरवठासाहेबांनी हातापाया पडून शेवटची ट्रायल ठरवली, तीही घाईघाईनं, कारण मंडळ चार दिवसांनी येणार होतं. मंडळ त्याच दिवशी आलं. पाहुणे लोक चार दिवस आधी येऊ शकतात, हे तारखा पाळणाऱ्या माणसांना सुचत नाही.

आवारात एक्केचाळीस माणसं कच्च्या शिलाईचे कोट घालून उभी, मध्ये मास्तर, डावा हात बांधलेला, उजव्यात खडू. इतक्यात फाटकाकडून धावपळ झाली. "पिशव्या काढा! काढा पिशव्या!" शिपायांनी झटाझट पिशव्या ओढल्या. ज्यांची छाती, कंबर, मुंढे मास्तरांना तोंडपाठ होते, त्यांचे चेहरे त्यांनी आज बघितले. एक तर त्यांचं जुनं गिऱ्हाईक निघालं आणि त्याही अवस्थेत त्यानं मास्तरांकडे रागानं बघितलं.

मंडळाच्या प्रमुख बाई आत आल्या. जाड चष्मा, हातात वही, शेजारी दुभाषा, मागं एक कॅमेरावाला. "हे लोक कोण?" दुभाष्यानं विचारलं.

पुरवठासाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "हे... विद्यार्थी आहेत," ते म्हणाले. "शिवणाचा वर्ग. हे त्यांचे शिक्षक."

सगळ्यांच्या नजरा मास्तरांकडे वळल्या. कर्नल पलीकडे खांबाला टेकून उभे होते, त्यांनी नुसती भुवई उचलली. मास्तर भाऊजींसारखे असते तर त्यांनी एक खणखणीत भाषण केलं असतं आणि संध्याकाळपर्यंत जगले नसते. त्यांनी घसा साफ केला.

"होय बाई, शिवणाचा वर्ग," ते म्हणाले. "बरं झालं आलात. मी आता हजेरीच घेणार होतो."

"हजेरी नंतर घ्या," कर्नल हळूच म्हणाले.

"नंतर कशी साहेब? आधीच मला लोक उशिरावरून बोलतात." आणि ते पहिल्या कैद्यापाशी गेले. "नाव सांगा. पूर्ण. कोट बदलायला नकोत, म्हणून पाठीवर लिहितो."

त्या माणसाला कुणी नाव विचारून किती दिवस झाले होते देव जाणे. मग त्यानं ओठ ओले केले आणि नाव सांगितलं. मास्तरांनी करड्या कापडावर पांढऱ्या खडूनं ते मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. बाईंनी वहीत उतरवून घेतलं. कॅमेऱ्याचा खटका वाजला. दुसऱ्यानं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, गल्लीही सांगितली. तीन नंबरच्या शिंप्यानं नाव सांगितलं आणि वर म्हणाला, "मुंढा अजून खेचतोय."

ते खास न्यायालय पुढं कधी भरलंच नाही. एक्केचाळीस नावं बाहेरच्या एका वहीत गेली होती, आणि वहीतल्या माणसाला नाहीसं करणं फार अडचणीचं असतं. दोन वर्षांत एकेक, दोन-दोन करत ते सुटले. पण ते सगळं नंतरचं. त्या वेळी आवारात कुणालाच यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि हजेरी सतरावर आली होती.

भाऊजी समोर उभे होते. समोरचे दोन दात नव्हते. डोळे तेच, हट्टी. वाटलं, खडू टाकून गळ्यात पडावं. पण कर्नल बघत होते.

"नाव?" मास्तरांनी अनोळखी माणसाला विचारावं तसं विचारलं.

भाऊजींनी नाव सांगितलं.

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

भाऊजींनी पुन्हा सांगितलं. मास्तरांनी कानामागं हात धरला. हा माणूस त्यांच्या घरी वीस वर्षं जेवला होता. "अहो, जरा मोठ्यानं बोला. शेवटच्या बाकापर्यंत पोचलं पाहिजे."

मग भाऊजींना कळलं. त्यांनी मोडक्या बरगड्यांत जेवढी मावेल तेवढी हवा भरून घेतली आणि स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशा तारस्वरात ओरडून सांगितलं, की पारवे उडाले.

भिंतीच्या पलीकडे बायकांची रांग होती. ताई खिडकीपासून सातवी होती. तिनं शेजारणीचा हात गच्च धरला. "आमचे हे," ती म्हणाली. आणि मग डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना, सवयीनं, "एवढं ओरडायला काय झालं? घसा बसेल ना," असं म्हणत ती तिथंच रस्त्यावर बसली.